किंक्रांतीची रांगोळी

आमच्याकडं ‘रांगोळी’ हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतात. डब्यातल्या पांढऱ्या पुडीलाही रांगोळी म्हणायचं आणि त्या पुडीनं अंगणात काढलेल्या आकृतीलाही. ‘रांगोळी संपली’ म्हटलं की डबा रिकामा झाला असं समजायचं, आणि ‘रांगोळी मोडली’ म्हटलं की अंगणातून कोंबडी फिरली. पूड आणि आकृती दोन्ही एका दिवसाच्या धनी. सकाळी काढली की संध्याकाळपर्यंत पायांनी विस्कटायची आणि दुसऱ्या दिवशी झाडून टाकून नवा सडा. त्यामुळं देवळाच्या दगडावरचं काम आठशे वर्षं टिकलं, पण त्याच देवळापुढं त्याच काळात बायकांनी काय काढलं, त्याची एक रेघसुद्धा शिल्लक नाही.

जुन्या पोथ्यांत तिचा उल्लेख मात्र आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे, तिच्यात तांदूळ आणि फुलांची मांडणी करण्याची कला येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला, त्यात चित्रांचे प्रकार सांगताना रंगीत पुडीनं काढलेल्या ‘धूलिचित्रा’चा उल्लेख केला आहे. हा सोमेश्वर काही आम्हाला लांबचा नव्हे. आमचं गाव बार्शीच्या बाजूला, बालाघाटाचे डोंगर दिसतात अशा टापूत. त्या काळी हा सगळा मुलूख कल्याणीच्याच सत्तेखाली होता. महानुभावांच्या जुन्या मराठीत ‘रंगमाळिका’ असा गोड शब्द भेटतो. पण या पोथ्या लिहिणारे बहुतेक पुरुष. ठिपके किती, ओळी किती, कुठून सुरुवात करायची आणि हात कुठं उचलायचा, हे त्यातल्या कुणी लिहून ठेवलं नाही. ते बायकांच्या बोटात राहिलं. आमच्या घरात ते माझ्या आत्याच्या बोटात होतं, आणि म्हणून हा इतिहास मला तिच्यापासून सांगावा लागतो.

त्याआधी जमिनीविषयी बोलायला हवं. आताच्या मुलींना वाटतं, रांगोळी कुठंही निघते. आमच्या लहानपणी रांगोळीचं निम्मं काम जमीन तयार करण्यातच असायचं. पहाटे गोठ्यातलं ताजं शेण पाण्यात कालवून अंगणभर सडा टाकायचा. सणाला नुसता सडा पुरायचा नाही, पोतेरं घेऊन सगळं अंगण हातानं सारवायचं. हाताचे अर्धगोल पट्टे एकावर एक चढत जायचे आणि उन्हाचा पहिला कवडसा येईपर्यंत ती जमीन वरून वाळून आत जराशी ओलसर राहायची. रांगोळी तेव्हाच काढायची. फार ओली असली की पूड विरघळल्यासारखी फिकी पडते, फार वाळली की वाऱ्यावर जाते. नेमका ओलावा असला की ठिपका जागच्या जागी चिकटून बसतो. गडद हिरवट जमिनीवर पांढरी रेघ अशी उठून दिसायची की रंगांची गरजच पडायची नाही. आमच्याकडं रंग म्हणजे हळद, कुंकू आणि कडेनं ओढलेली गेरूची पट्टी, एवढंच.

पांढरी पूड शिरगोळ्याची. शिरगोळा म्हणजे मऊ, भुसभुशीत पांढरा दगड. तो कुटून, चाळून रांगोळी करायची. कोकणात भाताची फोलपटं जाळून त्याच्या पांढऱ्या राखेची रांगोळी करत. आमच्या ज्वारीच्या मुलखात तसलं तूस कुठलं? आमच्याकडं डोक्यावर टोपलं घेऊन रांगोळीवाली यायची. पैसे क्वचितच, धान्यावर सौदा. सुगी चांगली झाली असली की बायका हात सैल सोडून ज्वारी घालत आणि रांगोळीवालीही वर दोन मुठी जास्त टाकायची. सणाला अंगणात किती मोठी रांगोळी निघणार, हे त्या वर्षीच्या पिकावर ठरत असे. बाई टोपलं उतरवायच्या आधीच विचारायची, ‘‘काय वैनी, यंदा बाजरी कशी झाली?’’ त्या उत्तरावर तिचा धंदा होता.

संक्रांत हा आमच्याकडं पिकाचा सण. बाजरी घरात आलेली, तूर वाळत घातलेली, आणि शेतात ज्वारीचं कणीस हुरड्यात. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि घेवडा, वांगी, गाजर, ओला हरभरा, बोरं अशी सगळी मिसळ असलेली भाजी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असं म्हणत ती खावीच लागायची. संक्रांतीला कुंभाराकडची काळी सुगडं येत, त्यांत हरभऱ्याचे घाटे, उसाची करवी, बोरं, गाजर, हुरड्याची कणसं, तीळगूळ भरून सवाष्णी एकमेकींना ववसायच्या. तिसरा दिवस किंक्रांतीचा. देवीनं किंकरासुराला मारलं तो दिवस म्हणतात, पण आमच्याकडं तो करीचा दिवस. नवं काम सुरू करायचं नाही, शुभ काही करायचं नाही, लांबच्या वाटेला निघायचं नाही. भोगी आणि संक्रांत घरच्या सवाष्णींची. किंक्रांत कुणाचीच नव्हती, म्हणून ती माझ्या आत्याला मिळाली.

आत्या वडिलांची थोरली बहीण. तिचं सासर सोलापुरात, नवरा गिरणीत कामाला. सोलापूर म्हणजे मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांचं गाव. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकरांची घरं पूर्व भागात दाटीवाटीनं राहायची. घरात माग, बायका विड्या वळायला बसायच्या. आत्याची खोली अशाच एका बोळात होती. शेजारणी तेलुगू बोलणाऱ्या, हिला तेलुगू येत नव्हतं, त्यांना मराठी अर्धंमुर्धं. पण संक्रांतीच्या आधी महिनाभर, धनुर्मासात, त्या बायका रोज पहाटे दारापुढं मुग्गु घालायच्या. मुग्गु म्हणजे त्यांची रांगोळी. आत्या रोज पहाटे दारात उभी राहून बघायची. ठिपके मोजायला भाषा लागत नाही, असं ती म्हणायची.

तिथं तिनं दोन तऱ्हा शिकल्या. एक म्हणजे ठिपक्याला ठिपका जोडत फुलं, पाकळ्या, चांदण्या करायच्या. ही आपल्याकडंही होती. दुसरी तऱ्हा ठिपक्याला हात न लावता त्याला वळसा घालत जायची. रेघ ठिपक्याच्या उजवीकडून जाते, पुढच्याच्या डावीकडून, आणि फिरून फिरून जिथून निघाली तिथं येऊन मिळते. तमिळ मुलखात कोलम म्हणतात, त्यातही हे वळशाचं काम मोठं आहे. पोंगलपर्यंतचा सगळा मार्गळी महिना तिथल्या बायका रोज काढतात. सोलापुरात सिद्धरामेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज शहरातून अडुसष्ट लिंगांना फिरतात, त्यांच्या वाटेवरही रांगोळ्या घालतात. संक्रांत आणि रांगोळी यांची गाठ त्या शहरात अशी चहूकडून घट्ट बसलेली.

१९५७ च्या सुमाराला आत्याचे यजमान आजारपणात गेले आणि ती एक ट्रंक घेऊन माहेरी आली. मी तेव्हा दोन-तीन वर्षांची असेन. मला आठवते ती आत्या पांढऱ्या कपाळाचीच. तिनं कधी आवाज चढवून काही मागितलं नाही. स्वयंपाक, गोठा, खुरपणी, सगळ्यात पुढं. फक्त सणाच्या दिवशी ती उंबऱ्याच्या आत. अंगणात रांगोळी घालायची नाही, सुगडाला हात लावायचा नाही, ववसायला आलेल्या बायकांसमोर यायचं नाही. हे तिला कुणी रोज सांगत नव्हतं. सांगावं लागत नव्हतं.

पण घरातल्या सगळ्यांत मोठी रांगोळी तिलाच येत होती. आईला गोपद्मं, लक्ष्मीची पावलं, कमळ एवढंच यायचं. मग वाट अशी निघाली की आत्या उंबऱ्याच्या आत, धान्याच्या पोत्याला टेकून बसायची आणि मोजायची. आई सणाच्या गडबडीत असायची, म्हणून रांगोळीचा डबा माझ्या हातात आला. मी सहा-सात वर्षांची.

‘‘मधली ओळ तेरा ठिपक्यांची घाल. दोन बोटांचं अंतर. आता तिच्या खाली बारा, पण समोर नको गं, दोन ठिपक्यांच्या मधोमध. मग अकरा. सातावर थांब. आता वरच्या बाजूला तसंच.’’

तिला मी दिसायची, जमिनीवरचे ठिपके नीट दिसत नसत. माझा हात किती वेळा खाली गेला, त्यावर तिचा हिशोब चालायचा. एखादा ठिपका गळला की ती आतून म्हणायची, ‘‘नऊच्या ओळीत आठच झाल्यात बघ.’’ मी मोजायची तर खरंच आठ.

‘तेरा ते सात’ या मांडणीत एकंदर ठिपके किती, हे मी पुढं सातवीत असताना मोजून काढलं. मधले तेरा, वरचे सत्तावन्न, खालचे सत्तावन्न, मिळून एकशे सत्तावीस. ‘सात ते चार’ घेतली तर सदतीस, ‘पंधरा ते आठ’ घेतली तर एकशे एकोणसत्तर. सहा बाजूंची ही मांडणी फुलासाठी आणि चांदणीसाठी. ‘सात ते एक’ घेतली, म्हणजे दोन्हीकडं एकाच ठिपक्यापर्यंत उतरत गेलं, की एकोणपन्नास ठिपके होतात आणि पतंगासारखा आकार येतो. सात ओळी सात ठिपके समोरासमोर घातले तरी एकोणपन्नासच. तेवढ्याच ठिपक्यांचा एकदा चौकोन होतो, एकदा पतंग. मी पुढं प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले तेव्हा बेरजेची साखळी शिकवायला फळ्यावर हीच रांगोळी काढत असे. पोरं पटकन शिकायची.

वळशाच्या रांगोळीचं गणित आणखी मजेचं. आत्या म्हणायची, ‘‘तीन ओळी, चार ठिपके घेतले की रेघ एकाच दमात सगळीकडून फिरून येती. चार ओळी चार ठिपके घेतले की चारदा हात उचलावा लागतो.’’ कारण तिला सांगता यायचं नाही, पण कुठल्या मांडणीला किती रेघा लागतील हे ती आधीच सांगायची. मी शिक्षिका झाल्यावर एका सुट्टीत वही घेऊन बसले आणि एकेक मांडणी काढून बघितली. चार आणि सहा घेतले तर दोन रेघा, तीन आणि सहा घेतले तर तीन, पाच आणि सात घेतले तर एकच. ओळी आणि ठिपके यांचा जो मसावि, तेवढ्या रेघा! पाचवीच्या पुस्तकातला मसावि आमच्या अंगणात आधीपासून होता. तमिळ मुलखात मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कोलमचा असाच अभ्यास केला. हात कोणत्या वळणांनी जातो, ते त्यांनी संगणकाला समजेल अशा नियमांत मांडलं. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली. ‘‘त्यास्नी वह्या होत्या. आम्हाला मोजायचंच होतं, लिहायला येत नव्हतं.’’

किंक्रांतीची गोष्ट मात्र वेगळी. त्या दिवशी आजी अंगणाकडं बघायचीसुद्धा नाही. करीच्या दिवशी काढलेली रांगोळी शुभ धरत नाहीत, मग ती कुणी काढली याला काय महत्त्व? हे आत्याच्या ध्यानात पहिल्याच वर्षी आलं असणार. मला समजायला लागल्यापासून किंक्रांतीची पहाट तिची. स्वतः शेण आणून सारवायची, स्वतः डबा घ्यायची आणि उंबरा ओलांडून अंगणात बसायची. दोन दिवस आतून बोललेले हात त्या दिवशी बाहेर यायचे. चिमटीतून पूड सुटायची ती दोऱ्यासारखी एकसारखी. मी नुसती बघत राहायची.

त्या दिवशी ती रथ काढायची. हे खास तेलुगू घरांतलं. त्यांच्यात किंक्रांतीच्या सुमाराला ‘कनुमा’ असते, गाईगुरांचा सण, आणि संक्रांतीला निरोप द्यायला दारापुढं रथाचा मुग्गु घालतात. ठिपक्यांच्या मांडणीवर दोन चाकं, वर मंडप, त्यावर कळस. या रथाला पुढं एक दोर असतो. ती पांढरी रेघ आपल्या अंगणातून निघून शेजारणीच्या दारापर्यंत जाते आणि तिच्या रथाला जोडली जाते. तिथून पुढच्या दारी. अख्ख्या बोळातले रथ एका दोरीत. सोलापुरात हे बघताना सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल, तर हा दोर, असं आत्या सांगायची. मुग्गुत शेणाचे गोळे ठेवून त्यांवर भोपळ्याची फुलं खोचतात, त्याला गोब्बेम्मा म्हणतात, हेही तिनं सांगितलं. ‘‘आपल्या दिवाळीतल्या शेणाच्या गवळणीच की त्या,’’ असं म्हणून तिनं तेही आमच्या अंगणात आणलं.

सुरुवातीला आमचा रथ एकटाच होता. दोर अंगणाच्या कडेला येऊन थांबायचा. मग शेजारच्या काकूंच्या लेकीनं हट्ट धरला, तिच्यासाठी आत्यानं त्यांच्या दारातही एक लहान रथ काढला. तिसऱ्या-चौथ्या वर्षी आळीतली पाच-सहा घरं दोरात आली. करीचा दिवस असल्यानं कुणाच्या घरी विटाळ-शुभाचा प्रश्न नव्हता. आत्या कुणाच्याही अंगणात बसू शकत होती. किंक्रांतीला आळीतल्या सवाष्णी तिच्याकडून ठिपके शिकायच्या आणि पुढच्या भोगीला तेच ठिपके स्वतःच्या दारात घालायच्या, तेव्हा आत्या आत बसलेली असायची. हेही लिहायला हवं की तो दोर आळीच्या टोकाला संपायचा. वेशीकडच्या वस्तीपर्यंत त्या काळात तो गेला नाही. तिथंही बायका होत्या, रांगोळ्या होत्या, पण दोर नेण्याचं कुणाच्या मनात आलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. १९७२ चा पावसाळा कोरडा गेला आणि १९७३ च्या संक्रांतीला बाजरी नव्हती, हुरडा नव्हता, बोरंसुद्धा झाडावरच सुरकुतलेली. गावातली निम्मी गुरं विकली गेली होती, उरलेली छावणीत. दुष्काळाच्या आठवणी बरेचजण लिहितात. पाझर तलावाची कामं, खडी फोडणं, परदेशी लाल मिलोची भाकरी, पोरांना मिळणारी सुकडी. पण गुरं गेली म्हणजे शेण गेलं, शेण गेलं म्हणजे सारवण गेलं, आणि पिण्यालाच पाणी नसताना सडा कशाचा टाकायचा, हे कुठं वाचलेलं मला आठवत नाही. गावातली अंगणं त्या हिवाळ्यात भेगाळून धुळीची झाली. रांगोळीवाली आलीच नाही. आली असती तरी तिच्या टोपल्यात घालायला कुणाकडं ज्वारी होती?

आई, आत्या आणि आळीतल्या सगळ्या बायका दुष्काळी कामावर जायच्या. मी अठरा वर्षांची, मीही सुट्टीत जायची. तिथं सवाष्ण आणि विधवा असा भेद करायला कुणाला सवड नव्हती. सगळ्यांच्या हाताला सारखेच घट्टे. मुकादम मातीकामाच्या चौकड्या आखायला चुन्याची फक्की वापरायचा. किंक्रांतीच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आत्यानं त्याच्याकडं मूठभर फक्की मागितली. तो म्हणाला, ‘‘कशाला वं आक्का?’’ ती म्हणाली, ‘‘आज किंक्रांत हाय.’’ त्यानं दिली. नव्यानं चोपलेल्या भरावाच्या मातीवर तिनं ठिपके घातले आणि रथ काढला. चुन्यानं बोटं पोळतात, म्हणून लहानच. पण दोर लांब काढला. जेवायला बसलेल्या बायकांच्या रांगेपुढून तो गेला. आमच्या आळीतल्या होत्या, वरच्या आळीतल्या होत्या, वेशीकडच्या वस्तीतल्या होत्या. ज्या रांगेत बसल्या होत्या त्या रांगेत. कुणी काही बोललं नाही. भाकरी खाता खाता सगळ्यांनी पाय तेवढे आवरून घेतले. सुट्टी संपल्याची शिट्टी झाली आणि पाट्या घेऊन सगळ्या त्याच्यावरूनच गेल्या.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. भोगीच्या आदल्या रात्री आईनं रांगोळीचा डबा आत्यापुढं ठेवला. आजी तेव्हा थकली होती, बाजेवरच असायची, पण होती. आई म्हणाली, ‘‘वन्सं, उद्या तुम्हीच काढा अंगणात. मी बघते कोण काय म्हणतंय ते.’’ आईनं आजीसमोर असं बोलणं ही आमच्या घरात लहान गोष्ट नव्हती. आजी काही बोलली नाही. आत्यानं डबा परत आईकडं सरकवला. म्हणाली, ‘‘नगं वैनी. मला किंक्रांतच बरी. त्या दिवशी मधी कुणी बोलत न्हाई.’’

मी तेव्हा तिच्यावर चिडले होते. मला वाटलं, दार उघडलंय तर ही बाहेर का येत नाही? आज तिच्या त्या वयाच्या पुढं गेल्यावर वाटतं, तिनं हिशोब बरोबर केला होता. भोगीला अंगणात बसली असती तर ती आईच्या परवानगीनं बसली असती. किंक्रांत तिनं स्वतः मिळवली होती. त्या दिवसावर आळीतल्या कुणाचाच हक्क उरला नव्हता.

आत्या १९८४ मध्ये गेली. त्यानंतरच्या बदलांना ती जबाबदार नाही, पण ते एकामागून एक आले. अंगणात आधी शहाबादी फरशी आली, मग सिमेंट. सिमेंटला ओलावा धरत नाही. ठिपका चिकटत नाही, हात फिरला की सरकतो, वाऱ्यानं जातो. मोठी, सलग, वळशाची रांगोळी सिमेंटवर टिकवणं अवघड, म्हणून ती आधी गेली. ठिपके मोजायचं काम कागदानं घेतलं. वर्तमानपत्राच्या कागदाला पेटत्या उदबत्तीनं भोकं पाडायची, कागद जमिनीवर ठेवून वरून पूड फिरवायची, एका झटक्यात सगळे ठिपके. मी स्वतः असे कागद वापरले आहेत, सोयीचे आहेत. पण कागद आला आणि मोजणं गेलं. बसस्टँडवर रांगोळीची पुस्तकं मिळू लागली, ‘१५ ते ८’ असे आकडे छापलेली. आत्या आतून बोलायची ते आकडे असे छापलेले बघून पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. त्यानंतर गाळणी, छापे, जाळ्या, पाच बोटांतून सोडायची संस्कार भारतीची मोठी वर्तुळं, आणि आता दाराशी चिकटवायचे प्लास्टिकचे स्टिकर. स्टिकरला मोजावं लागत नाही आणि काढावंही लागत नाही. तो वर्षभर तसाच.

मला यात रडण्यासारखं सगळंच दिसत नाही. सारवणाचं कौतुक करणाऱ्यांनी कधी रोज पहाटे थंडीत गार शेणात हात घालून बघावेत. सिमेंट आल्यानं आईची कंबर वाचली. पुस्तकं आल्यानं ज्या घरात शिकवणारं कुणी नव्हतं, त्या घरातल्या मुलींनाही चांगली रांगोळी यायला लागली. आणि ज्या रिवाजानं माझी आत्या उंबऱ्याच्या आत बसली, तो आता उघडपणे मोडणारी माणसं आहेत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या बाबतीतल्या अनिष्ट प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी हिशोब केला. आत्या जाऊन अडतीस वर्षं झाली होती.

आमच्या गावात असा ठराव झालेला नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोन-तीन घरांतून आता सगळ्यांना बोलावतात. बोलावलेल्यांपैकी निम्म्या येत नाहीत, दाराशी येऊन तीळगूळ घेऊन जातात. किंक्रांतीचा रथ चार घरांत अजून निघतो. काढणाऱ्या मुलींना तो सोलापूरहून आला हे माहीत नाही, तेलुगू घरांतून आला हे तर नाहीच. त्यांना वाटतं, आपल्याकडं असतोच. मध्ये गटार झालं आहे, मोटारसायकली उभ्या असतात, म्हणून दोर दारापर्यंतच काढतात.

माझ्याकडं आत्याच्या ठिपक्यांची एक वही आहे. तिच्या तोंडून ऐकून मी १९७० ते १९८४ च्या दरम्यान लिहून काढलेली. एकशे अकरा मांडण्या, प्रत्येकीपुढं ठिपके, ओळी आणि किती रेघांत पुरी होते ते. काहींपुढं तिनं सांगितलेली नावं आहेत. त्यातली निम्मी नावं तेलुगू आहेत आणि माझ्या कानांनी ती कशीही लिहून घेतली आहेत. कुठल्या बाईनं आत्याला कुठली रांगोळी दाखवली, ते मी त्या वेळी विचारून घेतलं. आत्याला त्यांची नावं ठाऊक नव्हती. ‘‘तिसऱ्या दारातली,’’ ‘‘मागाच्या घरातली,’’ ‘‘विड्या वळायची ती उंच बाई,’’ असंच ती सांगायची. मी तसंच लिहिलं आहे.

गेल्या वर्षी नातीनं मागितली म्हणून त्या वहीच्या झेरॉक्स काढून आळीत वाटल्या. वेशीकडच्या वस्तीतल्या दोघी-तिघींनीही नेल्या. रथ बासष्टाव्या पानावर आहे. त्याच्या खाली मी तिचंच वाक्य लिहून ठेवलंय, दोर किती लांब काढायचा त्याबद्दलचं. ती म्हणायची, पूड उरेल तेवढा.